कडी काढली

घड्याळ कोपराकडं घसरायला लागलं तसा मी पूर्ण बाह्यांचे शर्ट घालायला लागलो. तेही मे महिन्यात, आमच्या गावच्या उन्हात. शेजारच्या वहिनींनी एकदा विचारलंच, भाऊजी, लग्नाला निघालात काय? मी म्हणालो, व्हय, माझ्याच. त्या हसल्या आणि विषय मिटला. पण पोरीसमोर असले विनोद चालत नाहीत. पुण्याहून ती रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करते आणि नजर तिनं आईची घेतलीय. काय जेवलात असं विचारत नाही, ताट दाखवा म्हणते.

त्या दिवशी डब्याला टेकवून ठेवलेला फोन घसरला. तो धरायला हात वर केला, बाहीचं बटण लावायचं राहिलेलं, आणि घड्याळ खुळखुळत थेट कोपरापाशी जाऊन थांबलं. पोरगी स्क्रीनच्या जवळ आली. मग म्हणाली, पप्पा, हात दाखवा. मी म्हणालो, रेंज नाय, आवाज तुटतोय, आणि फोन बंद केला. पाचच मिनिटांत मेसेज आला. रविवारी दुपारी येते, बघते, आणि मग काय ते ठरवू.

काय ते म्हणजे काय हे मला पक्कं ठाऊक होतं. घराला कुलूप आणि मी पुण्याला. तिच्या फ्लॅटमध्ये माझ्यासाठी खोली तयार आहे, पलंगावर नवी चादर आहे, सगळं आहे. मी तिथं वीस दिवस राहूनही आलोय. अकराव्या मजल्यावर. पोरगी आणि जावई सकाळी निघाले की रात्रीच यायचे, आणि मी बाल्कनीत बसून खालच्या गाड्या बघायचो. त्यांचं काही चुकत नाही, नोकऱ्याच तशा. पण एकटंच राहायचं तर माणसानं आपल्या घरात राहावं. इथं निदान एकटेपणा तरी माझ्या ओळखीचा आहे.

सिडकोतलं हे घर आम्ही दोघांनी मिळून उभं केलं. भिंतीतला एकेक खिळा मी ठोकलाय आणि प्रत्येक खिळ्याच्या वेळी स्टूल तिनं धरलंय. बायकोला जाऊन तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. साधं दुखणं म्हणून दवाखान्यात नेली, ती परत आलीच नाही. तिच्यामागं मला स्वयंपाक येत नाही असं नाही. पिठलं येतं, खिचडी येते, भाकरी सोडून सगळं येतं. पण एकट्यापुरतं पातेलं कशाला खरकटं करायचं म्हणून मी एक वेळचं टाळायला लागलो, मग कधीकधी दोन्ही वेळचं. खरं सांगायचं तर समोर कुणी नसलं की घास तोंडातल्या तोंडात फिरतो. हे पोरीला कसं सांगणार? तिला सांगायचो, आज वांग्याची भाजी केलीय, झकास झालीय. आणि कालचंच ताट फिरवून दाखवायचो.

तेव्हा शुक्रवारी मी ठरवलं, घड्याळ आधी मापात आणायचं. ते मनगटावर घट्ट बसलं की हात बारीक दिसत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. दुपारची उन्हं उतरल्यावर क्रांती चौकात गेलो. तिथं रस्त्याच्या कडेला एक घड्याळवाला काचेची पेटी घेऊन बसतो, जुना माणूस आहे. त्यानं माझं मनगट दोन बोटांत धरून हलवलं, स्टीलची चेन ओढून बघितली आणि म्हणाला, “चचा, चार कड्यां निकलते इसके. बीमार-बिमार थे क्या?”

मी म्हणालो, मैं नै घटा, घड्याळ बडा हो गया. तो हसला, पण डोळ्यांनी हसला नाही. शेजारी चप्पल शिवून घेत उभा असलेला माणूससुद्धा माझ्या हाताकडं बघायला लागला. माझं डोकंच फिरलं. घड्याळ त्याच्या हातातनं घेतलं आणि तडक रिक्षात बसलो. चौतीस वर्षं वाळूजला कारखान्याच्या टूलरूममध्ये काढलेला माणूस मी. केसाएवढं माप चुकलं तर तयार जॉब भंगारात फेकून द्यायचो, आणि माझ्या मनगटाचं माप रस्त्यावर जाहीर व्हावं? घरीच करतो म्हटलं, त्यात काय एवढं.

या घड्याळाची गोष्ट सांगायला पाहिजे. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा बायकोनं गुलमंडीवरून ते स्वतः पसंत करून आणलं होतं. दुकानदारानं मापासाठी एक कडी काढली आणि कागदाच्या पुडीत बांधून दिली. तिनं पुडीला दोऱ्याची गाठ मारली आणि ती शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. मी म्हणालो, फेक ना, काय करायचीय. ती म्हणाली, राहू द्या, हात अजून भरंल तुमचा, तवा लागंल. ती वैजापूरकडची, तिचं बोलणं शेवटपर्यंत तसंच होतं.

शनिवारी सकाळी चहा पिऊन कामाला बसलो. काम तसं सोपं. चेनच्या आतल्या बाजूला बारीक बाण असतात. त्या बाणाच्या दिशेनं ठोकलं की कड्या जोडणारी पिन बाहेर येते. चार कड्या काढायच्या तर दोन या बाजूच्या, दोन त्या बाजूच्या, नाहीतर बक्कल मनगटाच्या एका कडेला जातं. एवढ्या बारीक पिनसाठी पंच नव्हता, म्हणून मशीनची एक जाड सुई घेतली, टोक मोडलं, कानसीनं सपाट केली. झालं हत्यार. हातोडी होतीच. चष्म्यावर भिंगाचा दुसरा चष्मा चढवला. आपला हात जगन्नाथ म्हणत चेन लाकडाच्या ठोकळ्यावर उभी केली, सुई पिनवर ठेवली, हातोडी उचलली, आणि तिथंच माझं अडलं. एका हातात सुई, दुसऱ्यात हातोडी. चेन धरायची कुणी?

वस्तू पकडून ठेवायचा व्हाइस मी घरी कधी घेतलाच नाही. ती होती ना. मिक्सर असो, पंखा असो, नळाची तोटी असो, मी मांडी घालून बसायचो आणि नुसतं म्हणायचो, धर. ती कणकेचे हात पदराला पुसत यायची आणि धरायची. मी हातोडी मारायचो, वस्तू सरकायची, आणि मी खेकसायचो, नीट धर. त्यावर तिचं एकच ठरलेलं उत्तर असायचं. मी नीटच धरलंय, तुम्हीच हलताय. दर वेळी हेच. मला वाटायचं, बाईला यंत्रातलं काय कळतंय. आता हातोडी हवेत धरून बसल्यावर कळलं की सगळी वर्षं मीच हलत होतो.

पण रडत बसून चेन कमी होणार नव्हती. आधी ती गुडघ्यांत धरून बघितली. हातोडीचा घाव गुडघ्यावर बसला. मग कपड्यांना लावायच्या चिमट्यात अडकवली, चिमटाच उडाला. मग कणकेचा मोठा गोळा मळला आणि चेन त्यात उभी रोवली. छान उभी राहिली बाई. पहिला घाव घातला आणि अख्खी चेन कणकेत बुडाली. ती दात घासायच्या ब्रशनं धूत बसलो तेव्हा एकटाच मोठ्यानं हसलो. आणि हसलो तसा गप्पही झालो, कारण घरात एकट्याचं हसणं फार वेळ टिकत नाही.

शेवटी युक्ती सुचली ती तिच्या मशीनपाशी. ड्रॉवर उघडला, चेनची कडा त्यात घातली आणि मांडीनं ड्रॉवर बाहेरून दाबून धरला. लाकडानं चेन गच्च पकडली. त्याच ड्रॉवरमध्ये ती पुडी सापडली, जुन्या कडीची. कागद पिवळा पडला होता, पण गाठ तिनं मारलेलीच होती. मी ती सोडली नाही, तशीच बाजूला ठेवली.

पहिली पिन ठोकली ती बाणासारखी उडाली आणि फरशीवर कुठंतरी गेली. ड्रॉवरमध्ये तिचा सुया गोळा करायचा लोहचुंबक होता. तो घेऊन मी पलंगाखाली, कपाटाखाली, मशीनखाली रांगत फिरलो. दहा मिनिटांनी डोक्यात प्रकाश पडला की पिन स्टेनलेसची आहे, तिला चुंबक धरत नाही. टूलरूममधल्या कुणी बघितलं असतं तर जिवंत सोडलं नसतं मला. मग तिची पद्धत केली. खिडकी लावून अंधार केला, बॅटरी जमिनीला टेकवून आडवा उजेड टाकला. मशीनच्या पायापाशी पिन चमकली.

तोवर अकरा वाजले होते. शनिवारी पोरीला सुट्टी असते, तिचा फोन आला. फोन स्पीकरवर टाकला, पण लक्ष सगळं सुईवर होतं. आणि तिनं तिचा रोजचा प्रश्न विचारला.

हा रोजचा प्रश्नही सांगतो. बायको होती तेव्हा रोज झोपताना अंथरुणातून विचारायची, कडी लावली का? मी म्हणायचो, लावली. एवढं झालं की दिवस संपायचा. ती गेल्यावर मागच्या गल्लीतले एक रिटायर मास्तर घरात एकटेच वारले. दार आतून बंद होतं, दोन दिवसांनी तोडावं लागलं. तेव्हापासून पोरीनं धोशा लावला होता. आतून कडी लावायची नाही, नुसतं लॅच ओढायचं. लॅचची एक चावी तिच्याकडं, एक शेजारच्या वहिनींकडं. मी बरं म्हणालो आणि रोज कडी लावत राहिलो. नाही लावली तर दिवस संपल्यासारखंच वाटत नाही. आईचा प्रश्न होता कडी लावली का, आणि लेकीचा, कडी लावली नाही ना?

त्या शनिवारी तिनं विचारलं, कडीचं काय केलं पप्पा? आणि मी, दातांत चिमटा, हातात सुई, नुकतीच दुसरी कडी सुटून फरशीवर पडलेली, म्हणालो, “काढली गं कडी. एकदाची निघाली.”

मग ती म्हणाली, “काढूनच टाकली? लई बरं केलं पप्पा. आता मला झोप लागंल.”

पुण्यात ती असं बोलत नाही. एरवी तिचं बोलणं शहराचं झालंय. आईची बोली तोंडात आली म्हणजे तिला आतून हायसं वाटलं होतं. आणि मला उमगलं की तिला वाटतंय मी दाराची कडी उचकटून काढली. सांगायला पाहिजे होतं की अगं, ती कडी नव्हे, घड्याळाची. पण मग घड्याळाची का, असा प्रश्न आला असता. किती काढल्या, असाही आला असता. खोटं एक अक्षर बोललो नाही, पण खरंही बोललो नाही. तिनं उद्या बारापर्यंत पोचते म्हणून फोन ठेवला.

चार वाजेपर्यंत काम झालं. चार कड्या निघाल्या, पिना उलट बाजूनं परत बसल्या. घड्याळ घातलं. हात झटकला, हलेना. वर केला, हलेना. आरशासमोर जाऊन बाही गुंडाळून उभा राहिलो. एकदम झाक. काढलेल्या कड्या एका स्टीलच्या वाटीत टाकल्या आणि वाटी देवळीत ठेवली. ती असती तर म्हणाली असती, सुंभ जळला तरी पीळ जात नाय. रात्री सवयीनं दाराची कडी लावली.

रविवारी सकाळी साडेआठला नळाला पाणी आलं. आमच्याकडं पाणी आठवड्यातनं एखाद्या दिवशी येतं, तेही सांगून येत नाही. पाणी आलं की माणूस असेल तसा उठून पळतो. मी मागच्या अंगणात गेलो, हौदावरची मोटार लावली, बादल्या, पातेली, कळश्या रांगेनं मांडल्या. आमची मोटार जुनी आहे, ती चालू असताना शेजारच्या घरातलं लग्नसुद्धा ऐकू येणार नाही. फोन आत, पुढच्या दारापाशी चार्जिंगला होता.

आणि पोरगी बारा वाजता यायची ती पहाटेची गाडी पकडून नऊलाच आली. मला त्रास नको म्हणून बेल न वाजवता तिनं चावीनं लॅच उघडलं. चावी फिरली, लॅच सुटलं, पण दार हलेना. बोटभर आत गेलं आणि अडलं. तिनं हाका मारल्या. फोन लावला, तो आत वाजत राहिलेला तिला ऐकू आला, पण कुणी उचलेना. पाण्याच्या दिवशी गल्लीभर मोटारी चालतात, त्यामुळं त्या आवाजावरून तिला काही कळलं नाही. आता तिच्या जागी उभं राहून बघा. आतून कडी नाहीच, पप्पांनी काल काढून टाकली. मग दार कशानं अडलंय? तिला वाटलं मी दारामागं पडलोय. माझ्या अंगानं दार अडलंय. म्हणून तिनं ते जोरात ढकललंसुद्धा नाही. मला लागेल म्हणून.

किती वेळ ती तशी होती ते मी तिला विचारलं नाही, आजपर्यंत विचारलेलं नाही. वहिनी मागच्या बोळातून धावत आल्या आणि भिंतीवरून ओरडल्या तेव्हा मी कळशी उचलत होतो. “भाऊजी, मोटार बंद करा! पोरगी दारात बसलीय.”

ओल्या पायांनी घरात गेलो आणि कडी काढली. तिचा तो लोखंडी खट्ट आवाज बाहेर गेलाच असणार. दार उघडलं. पोरगी पायरीवर बसली होती, बॅग मांडीवर, चेहरा पांढराफटक. तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग दाराकडं, कडीकडं. उठली आणि माझं मनगट धरलं. घड्याळाच्या वर, जिथं नुसता हात होता तिथं. तिचा अंगठा आणि बोट एकमेकांवर चढले. दिवसभर खपून घड्याळ मापात आणलं होतं मी. हाताला हात लागला तर हे कळणारच, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

“कडी काढली म्हणालात ना?”

मी देवळीतली वाटी आणून तिच्यासमोर धरली. या कड्या म्हणालो. तिनं त्या बोटानं सरकवल्या, मोजल्या. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली की कपडे भरा, तीनच्या गाडीनं दोघं निघू. आणि आत जाऊन मोरीत तोंड धुवायला लागली. पाणी बराच वेळ वाहत होतं. आठवड्याचं पाणी ते, पण वाहू दिलं.

भांडायला माझ्याकडं काही उरलंच नव्हतं. मला जायचं नव्हतं. या घरातून मला खरंच, अगदी खरंच जायचं नव्हतं, आणि न जायचं एकही कारण मी शिल्लक ठेवलं नव्हतं. मी हत्यारांची पिशवी काढली, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि दारापाशी बसलो. कपडे नंतर भरू. निदान जे केलंय असं समजून तिला झोप लागली होती, ते करून तरी जाऊ.

कडीचे स्क्रू रंगानं बुजले होते. दोन निघाले, तिसरा फिरेना. कडी लोंबायला लागली आणि स्क्रूड्रायव्हर घसरायला लागला. मागं पावलं वाजली, पण मी वळलो नाही. सवयीनं तोंडातून निघून गेलं, धर. ती शेजारी बसली आणि तिनं दोन्ही हातांनी कडी दारावर दाबून धरली. मी जोर लावला, स्क्रूड्रायव्हर पुन्हा सटकला. माझं डोकं सरकलं. “नीट धर.”

“मी नीटच धरलंय. तुम्हीच हलताय.”

माझा हात थांबला. तिचाही. ती काय बोलली ते तिलाही बोलून झाल्यावरच कळलं असावं. सव्वा वर्षात त्या घरात ते वाक्य कुणी बोललं नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही, लपवायला आता राहिलंच काय होतं. तिनं कडी सोडली नाही. एका हातानं ती धरून दुसऱ्या हातानं तिनं माझा दंड धरला आणि म्हणाली, तुम्ही करा, मी आहे. तिसरा स्क्रू निघाला, मग चौथा. कडी तिच्या हातात आली.

त्या दिवशी तीनची गाडी गेली. सहाच्या गाडीनं ती एकटीच गेली. मला वहिनींच्या हवाली केलं, दुपारचा डबा त्यांच्याकडून ठरवला आणि संध्याकाळी फोनसमोर ठेवून दोघांनी एकाच वेळी जेवायचं असं फर्मान काढलं. दिवाळीपर्यंत मुदत दिली. वाटीतली एक तरी कडी तोवर परत चेनमध्ये गेली पाहिजे, नाहीतर मला न विचारता ती सरळ पुण्याला नेणार. तिनं ती मशीनमधली जुनी पुडी बघितली, उघडली नाही, वाटीतच ठेवली.

दारावर आता चार भोकं आहेत. रात्री अजूनही हात तिथं जातो आणि रिकामा परत येतो. घर मोठं वाटतं. संध्याकाळी ती तिथं ताट घेऊन बसते, मी इथं. जेवण उतरतं घशाखाली. फोन बंद झाला की पुन्हा सगळं होतं तसंच शांत होतं, ते काही मी नाकारत नाही.

दिवाळी पंधरा दिवसांवर आलीय. गेल्या आठवड्यापासून घड्याळ आवळतंय. एक कडी घालायला झालीय, बहुतेक दोन. ड्रॉवरची युक्ती मला येते, एकट्याला अर्ध्या तासाचं काम आहे. पण मी वाटीला हात लावलेला नाही आणि पोरीलाही सांगितलेलं नाही. मनगटावर वळ उठतोय, उठू दे. ती आली की धरेल.